दोरा, नियम आणि ताण : विज्ञानातून घडलेली भौमितिक अमूर्त कला

भौमितिक अमूर्त कलेत माणूस, झाड, डोंगर अशा ओळखीच्या गोष्टींचे चित्रण नसते. रेषा, कोन, चौरस, वर्तुळ, वक्रपृष्ठ आणि सपाट रंग यांच्याच मांडणीतून चित्र किंवा शिल्प उभे राहते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही कला युरोपात आकाराला आली. तिच्या सगळ्याच प्रवाहांचा उगम विज्ञानात नाही. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराच्या आडव्या-उभ्या रेषांमागे थिऑसफी या आध्यात्मिक पंथाचा विचार होता. रशियन चित्रकार काझिमिर मालेविचने १९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात आपला ‘काळा चौरस’ टांगला, तो खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे रशियन घरांत पूजेची तसबीर लावतात त्या जागी.

मात्र त्याच सुमारास दुसरा एक प्रवाह गणित, अभियांत्रिकी आणि दृष्टिविज्ञान यांच्या आधाराने वाढू लागला. या प्रवाहातल्या कलावंतांनी विज्ञानाकडून मुख्यतः आकार, नियम, डोळ्याविषयीचे ज्ञान आणि बलांचा समतोल या गोष्टी घेतल्या. कोणी विज्ञानातले नुसते रूप उचलले, तर कोणी त्यामागची रीत आत्मसात केली. ज्यांनी रीत घेतली त्यांच्याकडून पुढे विज्ञानालाही काही मिळाले.

चौथ्या मितीचे आकर्षण

एकोणिसाव्या शतकात निकोलाय लोबाचेव्हस्की, बर्नहार्ट रीमान आदी गणितज्ञांनी युक्लिडच्या भूमितीखेरीज इतर भूमितीही शक्य असल्याचे दाखवले. लांबी, रुंदी आणि उंची यांच्या पलीकडे चौथी मिती मानली तर कोणते आकार संभवतात, याचाही अभ्यास सुरू झाला. चौरस स्वतःच्या पातळीशी काटकोनात सरकवला की घन मिळतो. त्याच तर्काने घन चौथ्या दिशेने सरकवला की जो आकार मिळेल त्याला चार्ल्स हॉवर्ड हिंटन या इंग्रज लेखकाने १८८८ मध्ये ‘टेसरॅक्ट’ असे नाव दिले. त्याला १६ कोपरे, ३२ कडा, २४ चौरस बाजू आणि ८ घन असतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची सावली कागदावर काढता येते. एस्प्री झूफ्रे यांच्या १९०३ च्या फ्रेंच पुस्तकात अशा आकृत्या होत्या. पॅरिसमधल्या घनवादी (क्युबिस्ट) चित्रकारांच्या बैठकीत ये-जा असलेले विमागणिती मॉरिस प्रँसे यांच्यामार्फत हा विषय चित्रकारांपर्यंत पोहोचला. आल्बेर ग्लेझ आणि झाँ मेत्सँजे या चित्रकारांनी १९१२ मध्ये घनवादावर पुस्तक लिहिले, त्यात रीमानचा उल्लेख आहे. मालेविचच्या १९१५ मधल्या काही चित्रांच्या शीर्षकांतही ‘चौथी मिती’ हे शब्द येतात.

घनवाद आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून आला, असे अनेकदा सांगितले जाते. कालक्रम पाहता ते टिकत नाही. आइन्स्टाइनचे नाव सर्वसामान्यांपर्यंत गेले ते २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातील निरीक्षणे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जाहीर झाल्यावर. तोवर घनवादाची पहिली दहा-बारा वर्षे उलटली होती. चित्रकारांच्या मनात होती ती अवकाशाची चौथी मिती, काळाची नव्हे. तिचे गणित त्यांतल्या फार थोड्यांना येत होते. डोळ्याला दिसते तेवढेच जग नाही, हा दिलासा त्यांना तिच्यातून मिळाला आणि वस्तू जशी दिसते तशी रंगवण्याचे बंधन सुटले.

दोऱ्यांची प्रतिमाने

अवकाशाची कल्पना हातात धरता येईल अशा रूपात मिळाली ती गणित शिकवण्याच्या साधनांतून. फ्रान्समध्ये गणितज्ञ गास्पार माँझ यांचे शिष्य तेओदोर ऑलिव्हिए यांनी १८३० च्या सुमारास वर्णनात्मक भूमिती शिकवण्यासाठी धातूच्या चौकटी आणि दोरे वापरून प्रतिमाने तयार केली. त्यांचे तत्त्व सोपे आहे. दोन सारख्या गोल चकत्या एकीवर एक धरून त्यांच्या कडेची भोके उभ्या दोऱ्यांनी जोडली की नळकांडे तयार होते. वरची चकती हळूहळू फिरवली की दोरे तिरपे होतात, मधला भाग आवळत जातो आणि डमरूसारखा आकार दिसू लागतो. अर्धा फेरा पुरा झाला की सगळे दोरे एका बिंदूत भेटतात आणि टोकाला टोक लावलेले दोन शंकू उभे राहतात. या सगळ्यात एकही दोरा वाकत नाही. पृष्ठ वक्र असते, पण ते विणलेले असते सरळ रेषांनीच. औष्णिक वीजकेंद्रांचे कमरेत आवळलेले शीतन मनोरे याच घराण्यातले.

नाउम गाबो या शिल्पकाराला ही भाषा आपली वाटली, कारण त्याचे शिक्षणच त्या अंगाने झाले होते. रशियातल्या ब्रियान्स्क येथे १८९० मध्ये जन्मलेला गाबो १९१० मध्ये वैद्यक शिकण्यासाठी म्युनिकला गेला, तिथे निसर्गविज्ञानाकडे आणि मग अभियांत्रिकीकडे वळला. शिल्प म्हणजे दगड किंवा लाकूड यांचा भरीव गोळा, ही समजूत त्याने नाकारली. आपले म्हणणे पटवण्यासाठी त्याने दोन घन शेजारी ठेवले. एक चारी बाजूंनी बंद. दुसऱ्याच्या उभ्या बाजू काढून टाकलेल्या आणि आत कर्णांच्या दिशेने एकमेकींना छेदणाऱ्या दोन फळ्या. दोन्ही घन तेवढीच जागा व्यापतात, पण दुसऱ्याची आतली पोकळी डोळ्याला दिसते. पोकळी हाच शिल्पाचा ऐवज, हे गाबोचे सूत्र होते. १९१५ मध्ये नॉर्वेत त्याने याच रीतीने, एकमेकींना छेदणाऱ्या पातळ पट्ट्यांतून मानवी मस्तक घडवले.

मॉस्कोत १९१९-२० मध्ये गाबोने एक पोलादी सळी विजेच्या मोटरीला जोडून उभी केली. मोटर बंद असताना ती निव्वळ एक सळी असते. मोटर सुरू झाली की ती थरथरते आणि हवेत एक पारदर्शक, फुगीर आकार दिसू लागतो. भौतिकीत ज्याला स्थिर तरंग म्हणतात तोच हा. धातू एका रेषेपुरता, बाकीचे घनफळ गतीने निर्माण केलेले. ऑगस्ट १९२० मध्ये गाबोने आपला थोरला भाऊ आंत्वान पेव्हझ्नर याच्यासह एक जाहीरनामा काढून मॉस्कोच्या रस्त्यांवर चिकटवला. अवकाश आणि काळ हाच कलेचा पाया, असे त्यात मांडले होते. पुढे इंग्लंडमध्ये, १९४२-४३ च्या सुमारास, त्याने पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकटीवर नायलॉनचे दोरे दाटीने ताणून ‘रेषीय रचना’ या मालिकेला सुरुवात केली. ऑलिव्हिएचे तत्त्व तेच; फक्त इथे चौकट पारदर्शक असल्यामुळे दोऱ्यांवर पडणारा प्रकाशच जणू आकार धरतो.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात १८७२ मध्ये पॅरिसच्या फाब्र द लाग्रांज यांच्याकडून घेतलेली दोऱ्यांची प्रतिमाने होती. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरने ती पाहिली आणि १९३७ पासून लाकूड व धातूच्या शिल्पांतून दोरे ताणायला सुरुवात केली. मूरला त्यातले गणित महत्त्वाचे वाटत नव्हते. पिंजऱ्याच्या गजांतून आतला पक्षी दिसावा तसा एका आकारातून दुसरा आकार दिसतो, याचे त्याला अप्रूप होते. काही वर्षांतच त्याने हा मार्ग सोडला. शिल्पकार बार्बरा हेपवर्थने मात्र १९३९ पासून पोकळ लाकडी आकारांच्या आत दोरे ताणण्याची रीत दीर्घकाळ जपली. त्या काळात लंडनमध्ये कलावंत आणि वैज्ञानिक यांचा घरोबा होता. स्फटिकवैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांनी १९३७ मध्ये हेपवर्थच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी गाबो, चित्रकार बेन निकल्सन आणि वास्तुविशारद लेस्ली मार्टिन यांनी ‘सर्कल’ हा ग्रंथ संपादित केला, त्यातही बर्नाल यांचा लेख होता.

दोऱ्यांप्रमाणे प्लॅस्टरची प्रतिमानेही प्रसिद्ध होती. म्युनिकमध्ये १८७० च्या दशकात फेलिक्स क्लाइन आणि अलेक्झांडर ब्रिल या गणितज्ञांनी विद्यार्थ्यांकडून समीकरणांची पृष्ठे प्लॅस्टरमध्ये करवून घेतली. ती विकली जात आणि युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसत. पॅरिसच्या आंरी प्वांकारे संस्थेतल्या अशा धूळ खात पडलेल्या प्रतिमानांची छायाचित्रे मॅन रे या कलावंताने १९३४ ते १९३६ या काळात घेतली. एका बाजूने प्रकाश टाकून काढलेल्या या छायाचित्रांत ती गूढ देहांसारखी दिसतात. १९४८ मध्ये त्याने त्यांवरून तैलचित्रे केली आणि त्यांना शेक्सपिअरच्या नाटकांची नावे दिली. इथे समीकरण मागे पडले आणि केवळ आकार उरला.

एकाच बाजूची पट्टी

कागदाची लांब पट्टी घेऊन तिला अर्धा पीळ द्यावा आणि टोके चिकटवावीत. तयार झालेल्या कड्याला एकच बाजू आणि एकच कड असते. पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढत गेले की ती दोन्हीकडून फिरून आरंभी येते. जर्मनीत आउगुस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग यांनी १८५८ मध्ये एकमेकांना न कळत या पट्टीचा शोध लावला.

स्विस कलावंत माक्स बिल १९३५ मध्ये तिथपर्यंत पोहोचला तो गणितातून नव्हे. विजेच्या शेगडीवर टांगण्यासाठी एक शिल्प हवे होते. त्यासाठी पट्ट्या पिळून पाहताना त्याला हा आकार सापडला. त्याला गणितात आधीपासून नाव आहे हे नंतर कळले. दगड आणि धातूंमध्ये त्याने ‘अखंड पट्टी’ पुन्हा पुन्हा घडवली. ग्रॅनाइटच्या एका अखंड शिळेतून कोरलेल्या पट्टीत पातळपणा आणि वजन यांचा विरोध उठून दिसतो. १९४९ च्या निबंधात बिलने आपली भूमिका मांडली. कलेत गणित आणणे म्हणजे सूत्र रंगवणे नव्हे. नाते, प्रमाण आणि क्रम यांचा गणिती शिस्तीने केलेला विचार दृश्य रूपात उतरवणे, असे त्याचे म्हणणे होते.

बिलच्या ‘त्रिभागी एकता’ या पोलादी शिल्पाला १९५१ मध्ये साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात शिल्पाचे पारितोषिक मिळाले आणि ब्राझीलच्या तरुण कलावंतांना नवी दिशा सापडली. त्यांतल्या लिजिया क्लार्कने १९६० मध्ये बिजागऱ्यांनी जोडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे केले. प्रेक्षकाने ते हाताने दुमडून हवा तो आकार करायचा. १९६३ च्या ‘चालताना’ या कृतीत तर शिल्पच उरले नाही. प्रेक्षकाने कागदाची मोबियस पट्टी घ्यायची आणि कात्रीने ती लांबीच्या दिशेने, आधीचा काप चुकवत, कापत जायचे. पट्टी अरुंद आणि लांब होत जाते आणि कापायला जागा उरली नाही की कृती संपते. बिलने दगडात जो गुणधर्म दाखवला, तो क्लार्कने प्रेक्षकाच्या हाती कात्रीसह दिला.

नियम आणि योगायोग

आकार न घेता केवळ नियम घेण्याची वाट डच कलावंत तेओ फान डूसबर्ग याने दाखवली. १९३० मध्ये त्याने ‘मूर्त कला’ या नावाने जाहीरनामा काढला. रेषा आणि रंग यांहून मूर्त दुसरे काही नाही, म्हणून अशा चित्राला अमूर्त म्हणणेच चूक, असा त्याचा दावा होता. चित्र आधी मनात पूर्ण ठरलेले असावे आणि हात केवळ ते उतरवणारा असावा, अशी अट त्यात होती. त्याच्या ‘अंकगणिती रचना’ या चित्रात कोपऱ्यावर उभे चार काळे चौरस कर्णरेषेवर मांडलेले आहेत. प्रत्येकाची बाजू आधीच्याच्या निम्मी, आणि अंतरेही त्याच प्रमाणात घटत जाणारी. एकदा नियम कळला की पाचवा चौरस कुठे येईल हे पाहणाराही सांगू शकतो.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा मोरेले याने नियमात योगायोग मिसळला. १९६० मध्ये त्याने कॅनव्हासवर दोनशे गुणिले दोनशे, म्हणजे ४०,००० चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीला निळा रंग द्यायचा की लाल, हे टेलिफोन डिरेक्टरीतला पुढचा अंक सम आहे की विषम यावरून ठरले. चित्र जवळून पाहिले तर निव्वळ गोंधळ आणि दुरून पाहिले तर झगमगता पडदा दिसतो. डोळा त्यात सतत गट आणि आकृत्या शोधू पाहतो, पण त्या कोणी ठेवलेल्याच नसतात. संख्याशास्त्रातला यादृच्छिकपणा भिंतीवर कसा दिसतो याचा हा नमुना.

पुढची पायरी संगणकाची होती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत अभियंता ए. मायकेल नोल याने १९६४ मध्ये मोंद्रियानच्या १९१७ च्या, आखूड आडव्या-उभ्या रेघांच्या एका चित्राच्या धर्तीवर संगणकाकडून चित्र काढून घेतले. मग दोन्हींच्या सारख्या प्रती शंभर जणांना दाखवल्या. संगणकाचे चित्र कोणते हे बरोबर ओळखणारे २८ निघाले आणि संगणकाचे चित्र अधिक आवडले असे ५९ जणांनी सांगितले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या हंगेरियन चित्रकर्ती व्हेरा मोल्नार १९५९ पासून स्वतःशीच नियम ठरवून, जणू मनातले यंत्र चालवत, चौरसांच्या मालिका काढत होत्या. १९६८ मध्ये त्यांना खरा संगणक मिळाला. चौरसांच्या शिस्तबद्ध जाळीत एखाद-दुसऱ्या टक्क्याची अव्यवस्था सोडायची आणि डोळा केव्हा चाळवतो ते पाहायचे, ही त्यांची रीत होती.

याच काळात मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी नियमातून चित्र घडवण्याचा हा प्रयोग वेगळ्या माध्यमात केला. जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांनी १९६९ मध्ये चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांना एकत्र आणणारी कार्यशाळा सुरू केली. तिच्यातून १९७० च्या सुमारास ‘सिझिजी’ हा सुमारे अकरा मिनिटांचा मूकपट तयार झाला. बिंदू आणि अंक जोडत जाणाऱ्या रेषांची सुमारे हजार रेखाटने पदमसी यांनी ठरवून घेतलेल्या नियमांनुसार केली आणि राम मोहन यांनी ती चलतचित्रात आणली. शीर्षक खगोलशास्त्रातले आहे. तीन खगोल एका रेषेत येणे असा त्याचा अर्थ. मुंबईत वाढलेल्या आणि १९७२ पासून बडोद्यात शिकवणाऱ्या नसरीन मोहमदी यांनी १९७० च्या दशकात वास्तुविशारदांची आरेखनाची उपकरणे हाती घेतली. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या केसासारख्या समांतर रेषा काढून त्यांनी जाळ्या, तिरपे पट्टे आणि पोकळ्या घडवल्या. त्यांच्यामागे कोणतेही समीकरण नाही, पण मोजमापाची शिस्त अभियंत्याची आहे. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले.

डोळ्याची प्रयोगशाळा

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात काळे धागे फिके दिसतात, अशी तक्रार होती. तिथे रंगकामाची देखरेख करणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी धागे तपासले, तेव्हा रंगात दोष आढळला नाही. दोष शेजारच्या रंगाचा होता. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो, हा समकालिक विरोधाचा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपात मांडला. चित्रकार रोबेर दलोने याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रंगांच्या गोल चकत्या रंगवल्या, त्यामागे हाच नियम होता.

चित्रकार योसेफ आल्बर्सने रंगांच्या शेजाराचा हा प्रयोग सर्वांत चिकाटीने केला. १९५० पासून १९७६ मध्ये निधन होईपर्यंत त्याने ‘चौरसाला वंदन’ या मालिकेत हजाराहून अधिक चित्रे केली. एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौरस, एवढेच त्यांत असते. आतले चौरस खाली झुकलेले असतात. तळाकडचे, बाजूचे आणि वरचे अंतर १:२:३ या प्रमाणात. पांढऱ्या हार्डबोर्डावर तो ट्यूबमधला रंग न मिसळता सुरीने लावी आणि पाठीमागे प्रत्येक रंगाचे नाव लिहून ठेवी. रचना बांधलेली आणि केवळ रंग बदलणारे, ही वैज्ञानिक प्रयोगाचीच मांडणी. एकच राखाडी एका चित्रात उबदार आणि दुसऱ्यात थंड दिसतो, तेव्हा बदल रंगात नसून पाहण्यात आहे हे सिद्ध होते.

१९६० च्या दशकातल्या, दृष्टिभ्रमावर आधारलेल्या ऑप आर्टने हाच धागा पुढे नेला. ब्रिजेट रायली हिच्या १९६१ च्या ‘चौरसांतील हालचाल’ या चित्रात काळे-पांढरे चौरस बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले आहेत. त्यांची उंची कायम राहते, पण रुंदी एका जागी घटत घटत चिरेएवढी होते आणि सपाट कॅनव्हास तिथे दुमडून आत गेल्यासारखा वाटतो. व्हिक्टर व्हासारेलीने चौरसांची जाळी फुगवून गोल उभे केले. व्हेनेझुएलाच्या हेसूस राफाएल सोतोने बारीक पट्ट्यांसमोर सळया टांगल्या. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की लाटा हलताना दिसतात, तशा त्या पाहणाऱ्याच्या चालीबरोबर थरथरतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६५ मध्ये भरलेल्या ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ या प्रदर्शनाने हे सारे प्रसिद्धीच्या झोतात आणले.

स्थिर चित्र हलताना का दिसते, हा प्रश्न प्रयोगशाळेतही होता. ब्रिटिश वैज्ञानिक डोनाल्ड मॅके यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की केंद्राकडे जाणाऱ्या दाट काळ्या-पांढऱ्या रेषांकडे पाहिल्यावर नसलेली हालचाल दिसते. इसिया लेव्हियां या कलावंताने त्यापासून प्रेरणा घेऊन १९८१ मध्ये ‘एनिग्मा’ हे चित्र केले. त्यात अशा रेषांवरून रंगीत कडी जातात आणि त्या कड्यांतून काहीतरी वेगाने फिरत असल्याचा भास होतो. मेंदूवैज्ञानिक सेमीर झेकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे चित्र पाहणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा खऱ्या हालचालीची दखल घेणारा भाग सक्रिय झालेला आढळला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात या भासाचा संबंध नजर स्थिर असतानाही डोळे जे अतिसूक्ष्म झटके घेतात त्यांच्याशी जोडला गेला. इथे चित्र हे प्रयोगाचे साधन झाले.

ताणावर तोललेले शिल्प

लॅटव्हियन रचनावादी (कन्स्ट्रक्टिव्हिस्ट) कलावंत कार्ल इओगान्सोन याने १९२१ मध्ये मॉस्कोच्या एका प्रदर्शनात काठ्या आणि ताणलेले दोरे यांच्या तोलावर उभ्या रचना मांडल्या होत्या. त्या नष्ट झाल्या, छायाचित्रे उरली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकणाऱ्या केनेथ स्नेल्सनने, तिथे शिकवायला आलेल्या रचनाकार बकमिन्स्टर फुलरच्या भूमितीने भारावून, एक लहान शिल्प केले. त्यात लाकडी तुकडा दुसऱ्याला न टेकता केवळ दोऱ्यांच्या ताणावर अधांतरी राहत होता. फुलरने या तत्त्वाला ‘टेन्सेग्रिटी’ हे नाव दिले आणि पुढे श्रेय कोणाचे यावरून गुरु-शिष्यांत वितुष्ट आले.

तत्त्व असे : दाब सोसणारे भाग एकमेकांपासून सुटे, आणि ताण सोसणारे जाळे अखंड. विटांच्या भिंतीत वजन वरून खाली, दाबाने उतरते. इथे प्रत्येक दांडा तारांना बाहेर ढकलतो आणि प्रत्येक तार दांड्यांना आत ओढते. या ओढाताणीत आकार टिकतो. वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयाबाहेरचा १९६८ चा ‘नीडल टॉवर’ सुमारे १८ मीटर उंच आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या पोलादी तारांत तरंगताना दिसतात. खाली उभे राहून वर पाहिले की सहा टोकांची चांदणी दिसते, कारण तीन-तीन नळ्यांचे थर आळीपाळीने उलट दिशांना पीळ घेत चढतात. ती चांदणी कोणी सजावट म्हणून घातलेली नाही. रचना उभी राहायची तर ती तशीच दिसणार.

येल विद्यापीठात १९७० च्या दशकात जीवशास्त्र शिकणाऱ्या डोनाल्ड इंगबर याने शिल्पकलेच्या एका वर्गात अशी रचना पाहिली. काड्या आणि ताणलेल्या दोऱ्यांचे ते प्रतिमान दाबले की चपटे होई आणि सोडले की उसळून गोल होई. पृष्ठभागाला चिकटलेली पेशी पसरते आणि सुटी झाली की गोल होते, हे त्याला त्यात दिसले. पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिका दाब सोसतात आणि ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू ताण सोसतात, असे प्रतिमान त्याने पुढे मांडले. पेशी किती प्रमाणात अशी वागते यावर वाद झाले, पण पेशीच्या आकाराकडे यांत्रिकीच्या अंगाने पाहण्याला या कल्पनेने चालना दिली.

गणितात उतरलेले कलावंत

लहान मुलांच्या ‘हॅरल्ड अँड द पर्पल क्रेयॉन’ या पुस्तकाचा लेखक-चित्रकार क्रॉकेट जॉन्सन याने आयुष्याची शेवटची दहा वर्षे, १९६५ ते १९७५, भूमितीची प्रमेये रंगवण्यात घालवली. शंभराहून अधिक चित्रांपैकी ऐंशी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहेत. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता तिथे अक्षरांविना, रंगांच्या क्षेत्रांतून उलगडते. फक्त पट्टी आणि कंपास वापरून नियमित सप्तकोन काढता येत नाही, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले होते. पट्टीवर खूण करण्याची मुभा घेतली तर येतो. १९७३ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज या आर्किमिडीजच्या गावी उपाहारगृहात बसून जॉन्सनने दात कोरण्याच्या सात काड्या दोन कार्डांच्या कडांमध्ये नागमोडी मांडल्या आणि त्यातून त्याला सप्तकोनाची एक नवी रचना सुचली. १९७५ मध्ये ती ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या नियतकालिकात छापून आली.

ब्रिटिश रचनावादी अँथनी हिल ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची उठावशिल्पे करी. रेषांच्या जाळ्यांचा विचार करताना त्याला एक प्रश्न पडला : कागदावर काही बिंदू मांडून प्रत्येक बिंदू इतर सर्वांशी जोडायचा, तर रेषा कमीत कमी किती ठिकाणी एकमेकींना छेदतील? चार बिंदूंसाठी उत्तर शून्य, पाचांसाठी १, सहांसाठी ३, सातांसाठी ९. कितीही बिंदू असले तरी उत्तर देणारे सूत्र त्याने शोधले आणि १९६३ मध्ये गणितज्ञ फ्रँक हरारी यांच्यासह शोधनिबंधात मांडले. लहान संख्यांसाठी ते खरे ठरले आहे. सर्व संख्यांसाठी सिद्धता अजून मिळालेली नाही आणि गणितात ते ‘हिलचे अनुमान’ म्हणून ओळखले जाते.

उलट दिशेने आलेला हेलामन फर्ग्युसन हा मुळात गणितज्ञ. संख्यांमधली लपलेली पूर्णांकी नाती शोधणाऱ्या एका प्रसिद्ध संगणकीय रीतीच्या जनकांपैकी तो एक. बर्कलीच्या गणित संशोधन संस्थेच्या आवारात १९९३ पासून असलेले त्याचे ‘एटफोल्ड वे’ हे संगमरवरी शिल्प फेलिक्स क्लाइनने अभ्यासलेल्या पृष्ठावर बेतले आहे. त्यावर २४ सप्तकोन आहेत. कोणत्याही कडेवर बोट ठेवून निघावे आणि प्रत्येक नाक्यावर आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वळावे. आठ कडा चालून बोट आरंभी परत येते. शिल्पाचे नाव त्यावरूनच पडले.

नुसते रूप घेतले तर

१९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या महोत्सवासाठी स्फटिकवैज्ञानिक हेलन मेगॉ यांच्या पुढाकाराने इन्सुलिन, हीमोग्लोबिन आदींच्या क्ष-किरण आकृत्या उत्पादकांना देण्यात आल्या. त्यांवरून पडदे, भिंतीचे कागद, गालिचे, बशा असे बरेच काही झाले आणि लंडनच्या एका उपाहारगृहात ते मांडले गेले. नक्षी देखणी होती, पण ती नक्षीच राहिली. इन्सुलिनची आकृती ज्या मोजमापांतून आली त्यांचा भिंतीवरच्या कागदाशी काही संबंध उरला नव्हता. स्नेल्सनच्या मनोऱ्यातली तार कापली तर मनोरा कोसळतो. मेगॉ यांच्या नक्षीतली रेघ थोडी हलवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. विज्ञानाचे रूप घेणे आणि रीत घेणे यांतला फरक असा तपासून पाहता येतो.

या कलेने विज्ञानाकडून नवे पदार्थही घेतले आणि तिथे तिला किंमत मोजावी लागली. गाबोच्या १९२० च्या दशकातल्या काही रचना सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या आहेत. सेल्युलोज ॲसिटेट जुने झाले की विघटन पावते, त्यातून शिरक्याच्या वासाचे ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते आम्ल विघटन आणखी वाढवते. पारदर्शक पत्रे पिवळे पडले, वाकले, तडकले. काही शिल्पे मांडण्याच्या पलीकडे गेली आहेत. त्यांच्या प्रतिकृती करायच्या की तुकडे आहेत तसे जपायचे, हा प्रश्न आता संग्रहालयांतले रसायनतज्ज्ञ आणि कलेचे अभ्यासक मिळून हाताळत आहेत.